दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही

शेळकेबाई,

तुमच्या शोकसभेत प्रोजेक्टर चालला नाही.

प्राचार्यांनी तुमच्या फोटोंची एक फिल्म करवून घेतली होती, मागे बासरी वगैरे. पडदा निळा झाला आणि मधोमध इंग्रजीत उमटलं की सिग्नल मिळत नाही. पाच जण पुढे धावले. एकाने वायर काढली, दुसऱ्याने तीच परत लावली, तिसऱ्याने रिमोट उलटा धरून दाबला. बाजूच्या टेबलावर हार घातलेला तुमचा फोटो होता. मला उगाच वाटलं, तुम्ही हसू दाबून धरलंय. शेवटी बासरी तेवढी सुरू झाली, फोटो आलेच नाहीत. निळ्या पडद्यासमोर आम्ही दोन मिनिटं माना खाली घालून उभे होतो. त्यात शोक किती आणि दुरुस्तीची वाट पाहणं किती, हे सांगणं अवघड आहे.

मग भाषणं झाली. तुम्ही ‘समाजकार्य शिक्षणातल्या डिजिटल क्रांतीच्या अग्रदूत’ होतात, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांच्या सहीने तुम्हाला लेखी ताकीद निघाली, तेच हे सांगत होते. ताकीदपत्राची प्रत त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, तुमच्या फाइलमध्ये आहे. जिना चढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण अशा प्रसंगी कुणी जिना चढत नाही.

शेवटी दोन घोषणा झाल्या. संगणक कक्षाला तुमचं नाव देणार. आणि तुमच्या क्षेत्रकार्याच्या वह्या स्कॅन करून कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘स्मृती-संग्रह’ म्हणून ठेवणार. “वह्या पाटणकर सरांकडे आहेत,” प्राचार्य म्हणाले, “ते सोमवारपर्यंत आणून देतील.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

वह्या माझ्याकडे आहेत हे खरं. तुमच्या तेराव्याला तुमच्या मुलाने त्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. म्हणाला, “आईनं सांगितलं व्हतं, सरांनाच द्यायच्या. दुसऱ्या कुनाला न्हाई.” का, ते त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

बावीस वर्षं आपण एका खोलीत बसलो आणि एकमेकांना अहो-जाहो केलं. आता तुम्ही नाही म्हणून अगं-तुगं करायला गेलो, तर तुम्हीच दचकाल. तेव्हा ‘तुम्ही’च राहू द्या. वर्गात तुमची भाषा नीट इस्त्री केलेली असे. माझ्याशी भांडताना मात्र चाकणजवळची तुमची वाडी बाहेर यायची. मला ती दुसरी भाषा आवडायची. पहिलीत तुम्ही शिकवायचात, दुसरीत खरं बोलायचात.

वह्यांचं आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांना आपलं काम ठाऊक असेलच असं नाही. आपल्या कॉलेजची मुलं आठवड्यातून दोन दिवस वस्त्यांत, कारखान्यांच्या गेटवर, दवाखान्यांत जातात. ज्या माणसांसोबत काम करतात, त्यांच्याबद्दल अहवाल लिहितात. अहवालात खरं नाव घालायचं नाही, हा पहिला धडा. बाकीच्या शिक्षकांची मुलं ‘सुनीता’, ‘कविता’ अशी नावं घालायची. तुम्हाला ते पटत नव्हतं. “वस्तीत एक तरी सुनीता असतीच ना सर. वाचणारा म्हणनार, हीच ती. फुकटची बदनामी.” म्हणून तुमच्या मुलांच्या अहवालात बायकांना पालेभाज्यांची नावं. चाकवत, राजगिरा, मेथी, शेपू. “चाकवतला नवऱ्याने घराबाहेर काढले.” “शेपूने बचत गटात प्रवेश केला.” बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी हे वाचून चष्मा काढला होता, आठवतं? तुम्ही शांतपणे म्हणालात, “या नावाची बाई तुम्हाला अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडणार नाही. तेवढ्यासाठीच ते नाव आहे.”

कुठली भाजी म्हणजे कोण, हे फक्त तुमच्या वहीत. डावीकडे भाजी, उजवीकडे नाव आणि पत्ता. बॅच बाहेर पडली की ते पान फाडायचं, बादलीत भिजवायचं, लगदा करायचा. जाळायचं का नाही, असं मी विचारलं होतं. “जाळल्यावर उडतात कपटे. पान्यात गेलं की गेलं.” दरवर्षी मे महिन्यात तुम्ही कॉलेजच्या नळाखाली ते करायचात आणि मी बाजूला उभा राहून काहीतरी चतुर बोलायचो.

आता शनिवारच्या वर्गाचं.

टाळेबंदीत आपण सगळे उघडे पडलो होतो. वीस-वीस वर्षं समाजबदलावर व्याख्यानं देणारी माणसं, आणि ऑनलाइन वर्गात माईक बंद ठेवून तासभर शिकवत राहिलो. मग कॉलेज पुन्हा उघडल्यावर व्यवस्थापनाने तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. टाय लावलेला एक प्रशिक्षक आला, त्याने दीडशे स्लाइड दाखवल्या आणि सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. चौथ्या दिवशी कुणालाही काही येत नव्हतं, पण सगळे प्रमाणित होते. मी तेवढ्यावर खूश होतो. माझं मत होतं, की माणसांत बसण्याचं हे काम पडद्यावर न्यायचंच नाही. चार लेखकांचे दाखले देऊन ते मी स्टाफरूममध्ये मांडलंही. तुम्ही डबा खात ऐकून घेतलं आणि म्हणालात, “तुमचा इरोध तत्त्वाचा न्हाई सर. कंटाळ्याचा हाय.”

मग तुम्ही आपल्या दुसऱ्या वर्षातल्या त्या मुलीचं सांगितलं, जी चाकणला कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जायची आणि कंपनीच्या बसमध्ये कानात तार घालून तुमचं व्याख्यान ऐकायची. “तळेगाव चौकात बस अडकली की तिचा माझा एक तास व्हतो. तुमी तिला काय देनार? तत्त्व?”

म्हणून शनिवारचा वर्ग. अकरा वाजता, संगणक कक्षात, शिक्षकच विद्यार्थी आणि शिक्षकच शिक्षक. बाहेरचा कुणी नाही, प्रमाणपत्र नाही, फोटो नाही. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांत शेवटी स्क्रीन दाखवायला शिकलो, आणि तुम्ही जाहीर केलंत, “पुढल्या शनिवारी सर शिकवणार.”

“मी? अहो, मला आत्ता कुठे कळलंय.”

“म्हनूनच. या शेखला इचारलं तर तो म्हनतो, सोपंय मॅडम. सोपंय म्हननाऱ्याकडून कोन शिकलंय का आजवर? तुमी कुठं अडलात, ते तुमाला अजून आठवतंय.”

आपल्यातला सर्वांत तरुण शिक्षक शेख. भोसरीला वडिलांचं गॅरेज, हात यंत्रांत वाढलेले. तो म्हणाला, “मॅडम, म्हणजे हुशार असणं हा गुन्हाच झाला की!” तुम्ही म्हणालात, “गुन्हा न्हाई. नंबर लांब हाय, भावा.”

नियम ठरला: जो सर्वांत शेवटी शिकला, तो पुढच्या वेळी शिकवणार. दुसरा नियम लगेच पुढच्या आठवड्यात आला. मी तिसऱ्यांदा चुकीच्या ठिकाणी दाबल्यावर शेखने माझ्या हाताखालून माऊस ओढून घेतला, टकटक केलं, झालं. तुम्ही त्याच्या मनगटावर पट्टी मारलीत. खरीच, लाकडी. “मुलांना काय शिकवतो आपन? समोरच्या मानसाचं काम आपन करायचं न्हाई. त्याला करू द्यायचं, लागंल तेवढा वेळ बसून ऱ्हायचं. आन् हितं लगीच झडप? दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा न्हाई.” शेख मनगट चोळत बसला. मी चौथ्यांदा चुकलो, पाचव्यांदा जमलं. बाई, समाजकार्याची एवढी पुस्तकं वाचूनही मला हे त्या दिवशी, पंचावन्नाव्या वर्षी, कळलं की मदत न करता शेजारी बसणं हे किती कष्टाचं काम आहे.

तीन-चार महिने मी सुखात होतो. हे तुम्हाला कधी बोललो नाही.

मग कॉलेजच्या दर्जाचं मूल्यांकन आलं. व्यवस्थापनाचं परिपत्रक निघालं की क्षेत्रकार्याच्या प्रत्येक भेटीचा फोटो हवा, फोटोखाली ठिकाण, नकाशा, तारीख, वेळ छापलेली हवी. तुम्ही प्राचार्यांकडे भांडायला गेलात. “पुरावा लागतो, मॅडम,” ते म्हणाले. “मुलगी खरंच गेली होती कशावरून?” तुम्ही परत आलात ते तोंड कडू करून. दोन दिवसांनी तोडगा काढलात: चेहरा येता कामा नये. पाठमोरा फोटो, किंवा नुसते हात, नुसतं काम. आणि अहवालात नाव भाजीचं.

त्यानंतर आपण तिघं, तुम्ही, मी आणि शेख, दर आठवड्याला एकेक फोटो तपासायचो. अंबाडीचाही तपासला. प्रतीक्षा नावाच्या आपल्या विद्यार्थिनीने काढलेला, लातूरकडची, पहिल्या वर्षाची. एका खोलीच्या दारात शिलाई मशीनवर वाकलेली पाठमोरी बाई. हिला आपण अंबाडी म्हणत होतो. नवऱ्याच्या मारातून मुलीला घेऊन निघालेली, कुणालाही पत्ता न सांगता राहिलेली. कुठल्या वस्तीत, ते मी आजही लिहीत नाही.

आपण काय पाहिलं? नाव बदललंय का, हो. चेहरा दिसतोय का, नाही. तिघांनी माना डोलावल्या. फोटोच्या तळाशी काळी पट्टी होती आणि त्या पट्टीवर गल्लीपर्यंतचा पत्ता होता, शेजारी छोटा नकाशाही. ती आपल्याला दिसलीच नाही. दिसली, पण ती आपल्या लेखी फोटोत नव्हतीच. ती कार्यालयाची होती, प्राचार्यांची, मूल्यांकनाची. ज्यांना आयुष्यभर नाव आणि चेहरा लपवायला शिकवलं गेलं, त्यांनी नाव लपवलं, चेहरा लपवला, आणि दाराचा पत्ता नकाशासकट छापला. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने ही चूक केली नसती. मोटार मेकॅनिकनेसुद्धा नाही.

त्या आठवड्यात सर्वांत शेवटी शिकलेला मीच होतो. म्हणून शनिवारी शिकवणारही मी. विषय: फोल्डर इतरांना उघडून देणे. मी क्षेत्रकार्याचं खरं फोल्डर पडद्यावर घेतलं. ते माझ्याच खात्यावर होतं. तुम्ही म्हणालात, “सर, खोटं एक करा की. ‘क ख ग’ नावाचं.” मी उत्तर दिलं, “खऱ्या कामावरच शिकणं होतं, हे तुमचंच वाक्य आहे, बाई.” सगळे हसले. बावीस वर्षांत मी तुमच्याशी वादात जिंकलो, ते एवढं एकदा.

दोन पर्याय होते. एक, निवडलेल्या माणसांनाच दिसेल. दुसरा, लिंक असलेल्या कुणालाही दिसेल. पहिल्यात प्रत्येकाचा ईमेल पत्ता टंकावा लागत होता. मला टंकायचा कंटाळा आला. दुसरा दाबला, लिंक तयार झाली, आणि ती जातेय हे दाखवण्यासाठी कॉलेजच्या मोठ्या ग्रुपवर टाकली, जिथे मुलं, माजी विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, सगळे होते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी वाकून अभिवादनही केलं.

दुसऱ्याच दिवशी एका माजी विद्यार्थ्याने त्यातले चार फोटो आपल्या स्टेटसला लावले, वर लिहून की माझं कॉलेज, माझा अभिमान. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो चाकणला ज्या कंपनीत होता, तिथेच अंबाडीचा दीर होता. अंबाडीच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, गोंदण होतं. मशीनवर कापड सरकवताना हात बाहेर आलेला. दिराने हात ओळखला आणि पट्टीवरचा पत्ता वाचला.

नवरा सोमवारी दुपारी आला. शेजारच्या बायकांनी त्याला धरून ठेवलं म्हणून जे व्हायचं होतं त्यातलं निम्मंच झालं. तिचा खांदा निखळला. मुलगी मशीनखाली लपली होती. प्रतीक्षाने तुम्हाला फोन केला, तुम्ही तास सोडून दुचाकी काढलीत. संध्याकाळपर्यंत अंबाडी आणि तिची मुलगी तिथून हलल्या होत्या. कुठे, ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. घरमालकाने खोली सोडायला सांगितलीच होती. मशीन नेता आलं नाही.

तुम्ही कॉलेजवर परत आलात तेव्हा साडीच्या पदराला रक्त होतं. माझ्या टेबलापाशी येऊन एवढंच विचारलंत, “सर, ते बंद केलं का?”

ग्रुपवरचा तो संदेश मी तेव्हाच ‘सगळ्यांसाठी’ पुसला होता. दोनदा खात्री केली होती. “हो,” मी म्हणालो. “केलं.”

चौकशी समितीत तीन जण होते. आपण दोघं एका बाजूला. पहिलाच प्रश्न, “हे सत्र कोणाचं होतं?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. “शनिवारचा वर्ग मी सुरू केला. जबाबदारी माझी.”

माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, वर झाकण होतं. मी त्या झाकणाकडे पाहत राहिलो. समितीला एक नाव हवं होतं, ते मिळालं. तुम्हाला ताकीद, क्षेत्रकार्याचं काम काढून घेतलं, ग्रंथालय समितीवर टाकलं, शनिवारचा वर्ग बंद. परिपत्रक मात्र तसंच राहिलं. पट्टीसह फोटो आजही मागतात.

बाहेर पार्किंगमध्ये मी म्हणालो, “तुम्ही असं का बोललात?”

तुम्ही हेल्मेट घालता घालता थांबलात. “तुमी का न्हाई बोललात?”

आणि गाडी सुरू केलीत. पावणेदोन वर्षं झाली त्याला. त्यानंतर आपण पुस्तकांवर बोललो, पोरांच्या कॉपीवर, रहाटणीच्या सिग्नलवर, गुडघ्यांवर बोललो. त्यावर नाही. मी मनाशी म्हणत राहिलो, बाईंनी मोठ्या मनाने माफ केलं. सोयीचं होतं ते. तुम्ही काहीच माफ केलं नव्हतं. तुम्ही फक्त वाट पाहत होतात.

आणि बाई, माझा तुमच्यावर रागही आहे. शोकसभेत हे बोलता येत नाही, म्हणून इथे. दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही, हा नियम तुम्ही आयुष्यात एकदाच मोडलात, त्या खोलीत. माझी चूक माझ्या हाताखालून ओढून घेतलीत आणि झटक्यात उरकून टाकलीत. मी अडखळलो असतो, दोनदा खोटं बोललो असतो, तिसऱ्यांदा कदाचित खरं बोललो असतो. तुम्ही शेजारी बसून राहायला हवं होतं. तुम्हाला ते येत होतं. सगळ्यांसाठी येत होतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. तोंड उघडलं आणि चाकणच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “यंदाचं पान भिजवायचं ऱ्हाईलं, सर.” नर्स आली. मी उठलो. म्हणालो, “बऱ्या व्हा, मग भिजवू.”

सोमवारी मी वह्या न घेता प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर नवा स्कॅनर होता, प्लास्टिकही न काढलेला.

“वह्या देता येणार नाहीत,” मी म्हणालो. “डावीकडे भाज्या आहेत, पण उजवीकडे माणसं आहेत.”

“मग उजवी बाजू झाकून स्कॅन करू, सर. त्यात काय?”

बाई, हे ऐकून मला हसू आलं, आणि मग ते हसू थांबेना. आपणही हेच केलं होतं. झाकायचं ते झाकलं आणि निश्चिंत झालो. हसत हसतच मी त्यांना सांगितलं. सत्र माझं होतं. फोल्डर माझं. पर्याय मी निवडला, शेळकेबाईंनी नको म्हटलं असताना. ताकीद माझ्या नावाची आहे.

प्राचार्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. “आता कशाला, सर? मॅडम गेल्या. तुमचं दीड वर्ष राहिलंय. विषय फाइल झालाय.”

“फाइलमध्ये चुकीचं नाव आहे.”

“मॅडमच्या नावाने कक्ष करतोय ना आपण!”

मी लेखी अर्ज दिला. आवकच्या खिडकीवर आपले कदमभाऊ. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “विषय काय लिहू, सर? तक्रार लिहू का खुलासा?” मी म्हणालो, “दुरुस्ती लिहा.” ते म्हणाले, “दुरुस्ती म्हणजे बांधकामाकडं जातंय बघा.” गेलंही असेल. अजून उत्तर नाही. वार्षिकांकासाठी तुमच्यावर पानभर मजकूर मागितलाय, ‘प्रेरणादायी’ हवा म्हणून. तो मी देणार नाही. देणार आहे तो हा.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या शेवटच्या वहीतली नावांची पानं फाडली आणि बादलीत भिजवली. तुमची शाई लवकर सुटली. अंबाडीपुढची जागा तुम्ही आधीच खोडून काळी केली होती. ती कुठे आहे हे आता जगात कुणालाच माहीत नाही. तिला असंच हवं असेल. मला तिची माफी मागायची होती. तीही सोय तुम्ही ठेवली नाहीत, आणि बरोबर केलंत.

मग सूचनाफलकावर मी चिठ्ठी लावली: शनिवार, अकरा वाजता. शिकवणार पाटणकर. विषय: माझी चूक.

तिघं आले. शेख, तास घ्यायला येणाऱ्या एक नव्या मॅडम, आणि प्रतीक्षा. ती आता तळेगावच्या एका संस्थेत काम करते, रजा टाकून आली होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, तुम्हाला वर सांगितलं तसं, पण इतकं नीट नाही. बरंच अडखळत.

शेख खाली पाहत होता. प्रतीक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, दोन वर्षं मला वाटायलंय, माझ्या फोटोमुळं झालं. शेळके मॅडमनी माझ्यासाठी अंगावर घेतलं असं वाटायलंय. मी त्यांच्या पाया पडून आले होते, सर.”

“त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तुझं काही नाही. ज्याचं आहे, तो सांगेल.”

मी संगणक सुरू केला.

थोड्या वेळाने मी म्हणालो, काय कुठे दाबलं होतं ते दाखवतो. ती जुनी लिंक कुणाकडे आहे का? प्रतीक्षाने मोबाइलमध्ये शोधली, कुठेतरी जपून ठेवलेली. “आता उघडणार नाही,” मी म्हणालो. “ती मी तेव्हाच बंद केली.” तिने बोट लावलं.

उघडली.

पाठमोरी बाई, मशीन, गोंदणाचा हात. खाली पट्टी. गल्लीपर्यंतचा पत्ता, नकाशा, तारीख, वेळ.

ग्रुपवरचा संदेश पुसला म्हणजे दार बंद झालं, असं मी समजलो होतो. मी पुसली होती फक्त दाराकडे जाणारी पाटी. चौकशी समिती बसली, ताकीद निघाली, मूल्यांकन झालं, तुम्ही गेलात, निळ्या पडद्यासमोर बासरी वाजली, आणि हे सगळा वेळ उघडं होतं. कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांना नाव हवं होतं, कुलूप कुणालाच नको होतं. आणि तुम्ही मला विचारलं होतंत. मी हो म्हणालो होतो, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

मी संगणकावर बसलो. फोल्डर सापडलं, पण ते पर्याय कुठे असतात ते आठवेना. चुकीचं उघडलं, बंद केलं, परत चुकीचंच उघडलं. शेख मागे उभा होता. त्याचा हात खांद्यावरून पुढे आला.

“सर, मी करतो, एका सेकंदाचं काम—”

“हात लावू नका,” मी म्हणालो.

त्याने हात मागे घेतला. खुर्ची ओढून शेजारी बसला. प्रतीक्षाही येऊन बसली. बाहेर कंपनीच्या बस हॉर्न देत गेल्या. मला फार वेळ लागला. मग यादी दिसली, ‘लिंक असलेले सगळे’ दिसलं, ते काढलं. संगणकाने विचारलं, नक्की का? नक्की म्हटलं. मग तो फोटोही काढला, आणि मागे उरलेली त्याची प्रतही.

प्रतीक्षाने मोबाइलवर पुन्हा बोट लावून पाहिलं. पुन्हा एकदा.

“बंद झालं, सर.”

बाई, तुम्ही विचारलं होतंत. आत्ता केलं.